वांग : निरुपद्रवी डाग आणि त्यावरचे उपद्रवी उपाय

#धागा #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

१/
नवी मुंबई, २०२३. मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडलेल्या दोन रुग्णांची हकीकत त्या वर्षी वृत्तपत्रांत आली. एक विशीतली तरुणी होती, दुसरे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. दोघांच्या वयात, राहणीत काहीही साम्य नव्हते. साम्य होते ते एकाच गोष्टीत. दोघांनीही चेहरा उजळण्यासाठी क्रीम लावले होते आणि त्या क्रीममध्ये पारा होता.

२/
त्याच वर्षाच्या सुरुवातीस अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञांपर्यंत प्रकरण पोहोचले, तेव्हा माग एका स्थानिक क्रीमपर्यंत लागला. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विशिष्ट, एरवी दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळ करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले.

३/
गालावरच्या डागाचा मूत्रपिंडाशी संबंध कसा जुळला? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राइतकेच इतिहासातही आहे. चेहऱ्यावरील काळपट डाग हा विकार फार जुना आहे आणि तो स्वतः जिवाला अपाय करीत नाही. मात्र गेल्या शंभर वर्षांत डाग घालवणे आणि रंग गोरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी हळूहळू एक होत गेल्या. त्या एकीकरणाची किंमत प्रामुख्याने स्त्रियांनी मोजली. हा धागा त्या प्रवासाचा.

४/
प्रथम शब्द पाहू. गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर येणाऱ्या तपकिरी-काळपट डागांना मराठीत ‘वांग’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘व्यङ्ग’शी नाते सांगतो. त्याच संस्कृत शब्दाचे दुसरे रूप मराठीत ‘व्यंग’ म्हणून वावरते आणि त्याचा अर्थ होतो दोष, उणेपणा. एका घराण्यातले हे दोन शब्द. वैद्यकात जे केवळ त्वचेचे लक्षण होते, ते समाजात स्त्रीचे ‘व्यंग’ कसे ठरले, हे पुढे दिसेल.

५/
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, तेराव्या अध्यायात, ४४ क्षुद्ररोगांची यादी आहे. क्षुद्ररोग म्हणजे किरकोळ रोग. व्यंग त्यांतलाच एक. सुश्रुताच्या मते क्रोध आणि अतिश्रम यांनी वायू कोपतो, त्याला पित्ताची जोड मिळते आणि तो चेहऱ्यावर येऊन मंडल उमटवतो. मंडल कसे? वेदनारहित, पातळ आणि काळसर. आजचा त्वचारोगतज्ज्ञ या विकाराचे जे वर्णन करील त्यापेक्षा हे फारसे निराळे नाही. खाज नाही, आग नाही, उंचवटा नाही, केवळ रंगाचा बदल.

६/
साधारण सातव्या शतकातील वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त कारणांमध्ये शोकाची भर घातली. चेहऱ्यावर उमटले तर ते व्यंग, शरीरावर अन्यत्र उमटले तर ती नीलिका, असा भेदही त्याने केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या व्याख्यांत कोठेही ‘स्त्रियांचा रोग’ असे म्हटलेले नाही. क्रोध, श्रम आणि शोक ही माणसाच्या वाट्याला येणारी दुःखे आहेत. संहिताकारांनी ती एका लिंगापुरती राखून ठेवली नाहीत.

७/
उपचार कोणते? शार्ङ्गधरसंहितेत व्यंगावरच्या एका लेपात रक्तचंदन, मंजिष्ठा, कोष्ठ, लोध्र, प्रियंगू, वडाचे कोंब आणि मसूर सांगितले आहेत. वाग्भटाच्या ग्रंथात कुंकुमादी तेल येते. त्यातील ‘कुंकुम’ म्हणजे केशर. केशर त्या काळीही महाग होते, म्हणजे हा उपचार सर्वांच्या आवाक्यातला नव्हता. मसूर आणि वडाचे कोंब मात्र कोणत्याही गावात मिळत. एकाच विकारावर श्रीमंताचा आणि गरिबाचा उपाय शेजारी शेजारी नांदत होता.

८/
जुने ते सारे सौम्य होते, असे मात्र समजू नये. सुश्रुताने व्यंगावर कपाळावरील शिरेतून रक्त काढण्यास सांगितले आहे. डागाची जागा घासून, चीक असणाऱ्या झाडांची साल दुधात वाटून तिचा लेप लावावा, असेही तेथे आहे. म्हणून प्राचीन म्हणजे निर्धोक आणि आधुनिक म्हणजे घातक, ही सोपी विभागणी या इतिहासात टिकत नाही. फरक होता तो विकाराच्या पायरीत. ज्या रोगाला वैद्याने ‘क्षुद्र’ म्हटले, त्याच्यासाठी जीव टांगणीला लावण्याचे कारण नव्हते.

९/
हे ज्ञान पोथ्यांतून छापील पानावर आले त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेली अष्टांगहृदयाची आवृत्ती १८८० मध्ये मुंबईत निघाली. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता १९१५ मध्ये निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली. दरम्यान शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी औषधींची माहिती सोप्या मराठीत घराघरांत नेली. वैद्याच्या कपाटातील ज्ञान आता देवळीतल्या पुस्तकात आले.

१०/
स्वयंपाकघरात मात्र त्याआधीपासूनच एक परंपरा चालत होती. सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ वांगावर लावायचे, ही महाराष्ट्रातील असंख्य घरांतली रीत. मसुराच्या पिठाचे उटणे, चंदन, हळद आणि साय ही त्याच कुळातली. त्यांचा परिणाम मंद आणि अनिश्चित असे. काहींच्या त्वचेला जायफळाने किंवा लिंबाने जळजळही होई आणि त्या जळजळीतून डाग अधिक गडद होई. पण मूत्रपिंड निकामी करण्याचे सामर्थ्य सहाणेवरच्या गंधात नव्हते.

११/
पाश्चात्त्य वैद्यकाने या विकाराला दोन ग्रीक नावे दिली. ‘क्लोआझ्मा’ हे हिरवट होण्याच्या अर्थाच्या शब्दावरून आले, तर ‘मेलाझ्मा’ हे काळ्या रंगावरून. आज दुसरे नाव रूढ आहे. गरोदरपणात अनेकींना हे डाग येत असल्याने ‘गर्भारपणाचा मुखवटा’ असेही त्याला म्हटले गेले. आपल्याकडे बाळंतपणानंतर डाग आपोआप फिके पडतात, ही आजीबाईंची समजूत काही अंशी खरी आहे. अनेकींचे फिके पडतात, काहींचे वर्षानुवर्षे राहतात.

१२/
डागाचा रंग येतो कोठून? १८९५ मध्ये बूर्कलो आणि बर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अळिंबीत ‘टायरोसिनेज’ नावाचे विकर शोधले. १९१७ मध्ये ब्रुनो ब्लोख या त्वचाशास्त्रज्ञाने त्वचेतील रंगपेशी ‘डोपा’ या पदार्थापासून गडद रंग तयार करतात, हे दाखवले. त्वचेचा रंग ठरवणाऱ्या मेलॅनिनचा हा कारखाना टायरोसिनेजवर चालतो आणि त्या विकराच्या गाभ्यात तांबे असते. हे तांबे लक्षात ठेवावे. कथेच्या पुढील भागात पारा येतो तो याच तांब्याच्या जागेवर.

१३/
वांगात रंगपेशींची संख्या फारशी वाढत नाही. असलेल्या पेशीच जास्त काम करू लागतात. त्यांना चेतवणारी कारणे मुख्यतः तीन : ऊन, स्त्रीसंप्रेरके आणि आनुवंशिकता. १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. त्या दशकातच गोळी घेणाऱ्या काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर गर्भारपणासारखेच डाग दिसू लागले आणि १९६७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गर्भ नव्हता, तरी मुखवटा आला होता. संप्रेरकांचा सहभाग यातून ठळक झाला.

१४/
भारतातील एक आकडेवारी पाहू. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांगाचे ३१२ रुग्ण होते. त्यांत २५० स्त्रिया होत्या, म्हणजे पुरुषही ६२ होते. त्या २५० पैकी ५६ जणींनी गर्भारपण आणि ४६ जणींनी गर्भनिरोधक गोळ्या हे निमित्त सांगितले. एकतृतीयांश रुग्णांच्या घरात इतर कोणाला तरी वांग होते आणि निम्म्याहून अधिकांचा डाग उन्हात वाढत असे. ‘रक्त अशुद्ध आहे’, ‘यकृत बिघडले आहे’, ‘बाई रागीट आहे’ असे जे शेरे वांग असलेल्या स्त्रीला ऐकावे लागतात, त्यांना अशा अभ्यासांत आधार मिळत नाही.

१५/
चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग असतो, असेही नाही. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण कुंकवाचे. जुन्या रीतीने कुंकू बनवताना हळकुंडांवर टाकणखार, लिंबाचा रस यांसारख्या पदार्थांची प्रक्रिया करीत. हळदीचा पिवळा रंग क्षारामुळे लाल होतो. बायका कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू रेखीत. पुढे बाजारात कृत्रिम रंगांचे कुंकू आले आणि काहींच्या कपाळावर नेमक्या कुंकवाच्या जागी काळा डाग दिसू लागला. ही त्या रंगांची ॲलर्जी होती. उपाय एकच, ते कुंकू बंद करणे.

१६/
हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपचार कारणावर ठरतो. मुरुमांनंतरचे डाग, कुंकवाची ॲलर्जी, एखाद्या औषधाने आलेला काळेपणा आणि वांग ही चार निराळी प्रकरणे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नातील गुस्ताव रील यांनी अनेक लोकांच्या चेहऱ्यांवर आलेला एक करडा-काळा वर्ण नोंदवला. त्यांनी तो युद्धकाळातील निकृष्ट अन्नाशी जोडला. पुढे अशा वर्णाच्या अनेक रुग्णांत प्रसाधनांतील रंग आणि सुगंध यांची ॲलर्जी कारण असल्याचे दिसून आले. डाग दिसायला सारखा, मूळ मात्र वेगळे.

१७/
आता आधुनिक उपचारांकडे. त्यांची सुरुवात एका चामड्याच्या कारखान्यात झाली. १९३९ मध्ये अमेरिकेतील एका टॅनरीतील कामगारांच्या हातांचा रंग उडत असल्याचे लक्षात आले. यांतले बहुतेक कामगार कृष्णवर्णीय होते. दोष निघाला त्यांच्या रबरी हातमोज्यांत. रबर टिकावे म्हणून त्यात मिसळलेले हायड्रोक्विनोनच्या कुळातील एक रसायन रंगपेशींचा नाश करीत होते. एका घराण्याच्या श्रमिकांची ही इजा पुढे दुसऱ्यांसाठी औषधाची दिशा ठरली.

१८/
याच फिनॉल कुळातील एक रसायन भारतीय स्त्रीच्या कपाळावरही आले. स्टिकर टिकलीच्या गोंदात ‘पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल’ असे आणि त्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडे. १९८०च्या दशकापासून भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याची नोंद केली. पांढरा डाग दिसला की कोड समजून स्त्रीला वाळीत टाकणाऱ्या समाजात या निदानाचे मोल केवढे असेल, याची कल्पना करता येते. गोंदाने संसार मोडू शकत होता.

१९/
हातमोज्यांतील रसायन रंग कायमचा घालवी. त्याच्या तुलनेत सौम्य असणारे हायड्रोक्विनोन १९६०च्या दशकापासून डागांवर वापरले जाऊ लागले. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञांनी तीन औषधांचे मिश्रण सुचवले : हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. पहिले रंगनिर्मिती रोखते, दुसरे त्वचेचा वरचा थर लवकर बदलते, तिसरे दाह कमी करते. वांगावरचा ‘त्रिसूत्री’ उपचार याच सूत्राचा वंशज आहे.

२०/
१९७५ हे वर्ष या इतिहासात वारंवार भेटते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले आणि सहकाऱ्यांनी एक इशारा दिला. हायड्रोक्विनोनची क्रीम दीर्घकाळ लावणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग उमटत होते. त्याला ‘ऑक्रोनोसिस’ म्हणतात आणि ते घालवणे फार कठीण असते. उजळण्यासाठी लावलेल्या औषधानेच चेहरा काळवंडला होता. वर्णभेदी राजवटीत गोरेपणाला भाकरीइतके मोल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या स्त्रिया क्रीम का सोडत नव्हत्या ते कळते. १९९० मध्ये त्या देशाने प्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी घातली. युरोपीय संघाने २००१ मध्ये तेच केले.

२१/
त्याच १९७५ मध्ये अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे वर्गीकरण मांडले. आज त्याचे सहा वर्ग मानतात आणि बहुसंख्य भारतीय चौथ्या व पाचव्या वर्गांत येतात. अशी त्वचा उन्हात सहसा भाजत नाही, पण कोणतीही इजा झाली की तिथे काळा डाग ठेवते. म्हणजे वांगावर घाईने केलेला तीव्र उपचार, मग तो लेझर असो की आम्लाचे पीलिंग, नवा डाग निर्माण करू शकतो. हे साधे शास्त्र बाजाराला सोयीचे नव्हते.

२२/
आणि १९७५ मध्येच भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. गोरेपणाची ओढ तिने जन्माला घातली नाही. मुंबईत तयार होणारे पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ त्याच्या कित्येक दशके आधीपासून शृंगाराच्या मेजावर होते आणि वधूपरीक्षेतली रंगाची चर्चा तर त्याहून जुनी. नवे होते ते प्रमाण. दूरदर्शनच्या काळात गोरेपण हे महिन्याच्या वाणसामानासारखे ट्यूबमध्ये मिळू लागले. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला.

२३/
इथे एक कायदेशीर प्रश्न उभा राहतो : डागावरचे क्रीम हे औषध की प्रसाधन? १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांचा समावेश झाला. पेंढरकर कुटुंबाच्या विको कंपनीची हळदीची क्रीम आयुर्वेदिक औषध मानायची की सौंदर्यप्रसाधन, हा करआकारणीचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. वाद कराचा असला तरी त्यातील कोडे खरे होते. औषधाला निदान लागते, मुदत लागते, डॉक्टर लागतो. प्रसाधनाला केवळ ग्राहक लागतो. ज्या घडीला वांगावरचे औषध ‘उजळपणाचे क्रीम’ म्हणून विकले गेले, त्या घडीला निदान, मुदत आणि डॉक्टर हे तिन्ही गळून पडले.

२४/
क्लिगमन सूत्रातील स्टेरॉइडचे भारतात हेच झाले. काही आठवड्यांसाठी, देखरेखीखाली द्यायचे मिश्रण मैत्रिणीच्या, पार्लरच्या, औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने वर्षानुवर्षे लावले गेले. सुरुवातीला चेहरा तजेलदार दिसे. मग त्वचा पातळ होई, रक्तवाहिन्या दिसू लागत, मुरूम व केस येत. क्रीम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन पेटत असे. म्हणून थांबवणेही अशक्य होई. देशातील १२ केंद्रांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण पाहिले गेले. ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते आणि त्यांतले १२६ जण ते गोरेपणाचे किंवा रोजच्या वापराचे क्रीम म्हणून लावीत होते.

२५/
या गैरवापराविरुद्ध त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, आयएडीव्हीएलने, लढा दिला. या संघटनेच्या नियतकालिकाचे मूळ मुंबईतच आहे. डॉ. यू. बी. नारायण राव यांनी १९३५ मध्ये येथे सुरू केलेल्या गुप्तरोगविषयक नियतकालिकातून ते वाढले. संघटनेच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणली. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकणे बेकायदा ठरले. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पूर्णपणे हटली, असे मात्र कोणीही म्हणणार नाही.

२६/
आता पारा. टायरोसिनेजमधील तांब्याची जागा पारा घेतो, विकर बंद पडते आणि रंग बनणे थांबते. म्हणून पाऱ्याची क्रीम झपाट्याने ‘काम करते’. युरोप-अमेरिकेत चेहऱ्यावरील ठिपके घालवण्यासाठी पाऱ्याचे क्षार दीर्घकाळ वापरात होते. १९७०च्या दशकात तेथील नियमांनी त्यांना अटकाव केला. पारा त्वचेतून आत शिरतो, मूत्रपिंडात साठतो आणि त्याची चाळणी बिघडवतो. मग लघवीतून प्रथिने वाहून जातात, पाय-चेहरा सुजतो. क्रीम वापरणाऱ्या आईच्या हातातून, टॉवेलमधून तो घरातल्या लेकरापर्यंतही पोहोचतो.

२७/
१० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमध्ये पाऱ्याविषयीचा ‘मिनामाता करार’ स्वीकारला गेला. जपानच्या ज्या मिनामाता शहरात कारखान्याच्या पाऱ्याने हजारोंची आयुष्ये उद्ध्वस्त केली, त्याचे नाव त्याला दिले. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. भारताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, इतरांत अनवधानाने आलेला पारादेखील दशलक्षात एक भागाहून अधिक चालत नाही. म्हणजे नवी मुंबईतील आणि अकोल्यातील क्रीम कायदा असूनही त्या घरांत पोहोचली होती. लेबलशिवायची डबी, ओळखीतून आलेली ट्यूब आणि फोनवरून मागवलेले परदेशी नाव यांच्यापर्यंत नियमाचा हात सहसा पोहोचत नाही.

२८/
या इतिहासात एक आश्वासक प्रकरणही आहे. १९६२ मध्ये जपानच्या उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्यासह ‘ट्रॅनेक्झामिक ॲसिड’ हे रक्तस्राव रोखणारे औषध शोधले. बाळंतपणातील रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. १९७९ मध्ये जपानमध्येच दुसऱ्या विकारासाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाचे वांग फिके झाल्याचे योगायोगाने दिसले. आज हट्टी वांगासाठी त्याचा अल्प मात्रेत उपयोग करतात. मात्र रक्ताच्या गुठळीचा धोका असणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून आधी डॉक्टरांनी पूर्वेतिहास विचारणे अनिवार्य आहे.

२९/
उन्हाविषयीची समजही बदलली. पूर्वी दोष केवळ अतिनील किरणांना दिला जाई. २०१० मधील एका प्रयोगात असे दिसले की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही गडद त्वचेत टिकाऊ काळेपणा आणतो. गोऱ्या त्वचेत तसे घडले नाही. साधे पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश पुरेसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन अडवते. लोह आणि प्राणवायूचे हे संयुग म्हणजे आपल्या ओळखीच्या गेरूचा रंग. मिठागरात, शेतात, पुलावर आणि स्कूटीवर दिवस काढणाऱ्या स्त्रीला पदर-ओढणीची सावलीही तितकीच उपयोगी.

३०/
डाग मोजण्याच्या पद्धतीही इतिहासाचा भाग आहेत. १९९४ मध्ये डागाचा विस्तार आणि गडदपणा मोजणारा ‘मासी’ हा निर्देशांक आला. २००३ मध्ये ‘मेलाझ्क्वॉल’ ही प्रश्नावली आली. ती डाग मोजत नाही, त्या डागासह जगणाऱ्या व्यक्तीला काय सोसावे लागते ते विचारते. दोन्ही आकडे नेहमी जुळत नाहीत. लहानसा डाग असलेली स्त्री समारंभ टाळू लागते, मोठा डाग असलेली निर्धास्त वावरते. वाग्भटाने शोकाला कारणांत बसवले होते. या प्रश्नावलीने तो परिणामांत मोजला.

३१/
वांगाविषयी आज निश्चित सांगता येते ते असे. तो संसर्गजन्य नाही, त्यातून कर्करोग होत नाही. उपचाराला काही महिने लागतात आणि उन्हापासून बचाव थांबला की तो परत येऊ शकतो. गरोदरपणी ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन टाळतात. सात दिवसांत गोरे करणाऱ्या क्रीममध्ये काय असू शकते, हे या धाग्यातील १७ ते २७ क्रमांकांनी सांगितलेच आहे.

३२/
क्रीमची डबी हाती आली की तिच्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी आहे का ते पाहावे. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ यांपैकी शब्द दिसला तर ती वापरू नये. आणखी एक खूण आहे. सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांना क्रीम लागू देऊ नका, अशी सूचना काही डब्यांवर असते. पारा या धातूंना धरतो, म्हणून ती सूचना. जे क्रीम मंगळसूत्राच्या सोन्याला लावू नये असे तिचा उत्पादकच सांगतो, ते गालाला लावण्यासाठी विकले जात असते.